नाव पॉलिसीवर आहे, पण काम आहे का?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. आधी इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर, मग गल्लीतल्या भारतीयांच्या ग्रुपवर, आणि शेवटी नणंदेने पुण्याहून काळजीपोटी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘नवऱ्याच्या कार इन्शुरन्सवर बिझनेस यूज असेल आणि बायको नेम्ड ड्रायव्हर (म्हणजे पॉलिसीवर चालक म्हणून नाव घातलेली) असेल, तर तिला कामासाठी गाडी न्यायला वेगळं काही लागत नाही. तसंही बिझनेस यूज टॅक्सीवाल्यांसाठी असतं. पॉलिसी फुल कॉम्प असली की सगळं आलं. कंपनी मायलेज देते, म्हणजे जबाबदारी कंपनीची. आणि क्लेम आलाच तर फरकाचा प्रीमियम कापून घेतात, कायदाच तसा आहे. उगाच फोन करून पैसे वाढवून घेऊ नका.’

मी घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणारी फिजिओ. दिवसाला पाच-सहा घरं. गाडी नवऱ्याच्या नावावर, पॉलिसी त्याची, मी नेम्ड ड्रायव्हर. म्हणजे मेसेज जणू माझ्यावरच लिहिलेला. त्यातलं पहिलं वाक्य मीही आठ महिने खरं धरून चालले होते, म्हणून हा खटाटोप.

टॅक्सीचं आधी निकालात काढू. पैसे घेऊन माणसं नेणं किंवा जेवणाची डिलिव्हरी करणं याला इथे ‘हायर अँड रिवॉर्ड’ म्हणतात आणि ते बिझनेस यूजमध्ये बसतच नाही, त्याला पॉलिसीच वेगळी लागते. बिझनेस यूज असतं ते तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांसाठी. रोज एकाच ठरलेल्या ऑफिसला जाणं म्हणजे कम्यूटिंग. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत मीटिंगला, क्लायंटकडे, पेशंटच्या घरी जाणं म्हणजे बिझनेस.

आता खरी मेख. आमच्या पॉलिसीवर ‘क्लास वन बिझनेस’ होतं, कारण नवरा महिन्यातून दोनदा क्लायंटकडे जातो. माझं नावही होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, म्हणून आम्ही मनातल्या मनात त्यांची बेरीज केली. मग कामावरच्या मॅनेजरने सगळ्यांकडे विम्याच्या सर्टिफिकेटची कॉपी मागितली, आणि मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात दोन कलमं असतात. एक, गाडी कोणी चालवायची. तिथे आम्हा दोघांची नावं. दुसरं, गाडी कशासाठी वापरायची. तिथे लिहिलं होतं, घरगुती व खासगी वापर, कामावर जाणं-येणं, आणि ‘पॉलिसीधारकाच्या व्यवसायासंबंधी’ वापर. पॉलिसीधारकाच्या! मी गाडी घेऊन भाजी आणायला, नोकरीच्या ठिकाणी जायला मोकळी होते. पेशंटकडे जायला नव्हते.

क्लासच्या आकड्यावरही विसंबू नका. साधारणपणे क्लास वन पॉलिसीधारकाला असतो, क्लास टूमध्ये नेम्ड ड्रायव्हरचं काम येतं, क्लास थ्री फिरत्या विक्रीच्या धंद्याला. पण काही कंपन्या क्लास वनमध्येच नवरा-बायको दोघांना धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे मैत्रिणीला चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. ते दुसरं कलम काय म्हणतं, एवढंच खरं.

आपण मंडळी यात हमखास फसतो, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे, भारतात, विमा गाडीचा असतो. लायसन्स असलेला भाऊ, मेहुणा, पगारी ड्रायव्हर, मालकाच्या परवानगीने कोणीही चालवतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडं, मालवाहतूक, शर्यत वगैरे सोडून ‘कुठल्याही कारणासाठी’ वापर चालतो. मालवाहतुकीतूनही सॅम्पलना सूट. म्हणजे एखादा एमआर सॅम्पलची बॅग टाकून स्वतःच्या गाडीने नाशिकहून मालेगावला निघाला तर विम्याचा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे तिकडचा मोटार वाहन कायदा आणि इथला रोड ट्रॅफिक ॲक्ट, दोन्ही १९८८चे. पण इथे विमा माणसागणिक आणि कामागणिक लिहिला जातो.

फुल कॉम्पबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याचा अर्थ समोरच्याच्या नुकसानीबरोबर आपल्या गाडीचंही नुकसान भरून मिळतं. कोण आणि कशासाठी, हे त्यातून कळत नाही.

मायलेजचं म्हणाल तर उलटच आहे. तो पैसा पेट्रोल, झीज आणि विमा यांच्या खर्चापोटी मिळतो. विमा तुमचा तुम्ही काढलाय असं धरूनच तो देतात. म्हणून तर मॅनेजर सर्टिफिकेट मागते.

राहिला कायदा. फरकाचा प्रीमियम कापून घेतात, हे मेसेजमधलं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. २०१२चा एक ग्राहक विमा कायदा आहे. अर्ज भरताना निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं आणि खरं उत्तर दिलं असतं तर प्रीमियम जास्त लागला असता, तर कंपनी क्लेम त्या प्रमाणात कमी करून देऊ शकते. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर पॉलिसीच रद्द करू शकते. आणि मेसेज वाचून ‘फोन करायचा नाही’ असं ठरवणारा माणूस निष्काळजी की जाणूनबुजून, हे तुम्हीच सांगा.

शिवाय ही सगळी कंपनी आणि आपल्यातली गोष्ट. पोलिसांना प्रमाण-बिमाण काही नसतं. त्या प्रवासाला विमा लागू नसेल तर तो विनाविमा प्रवास: ३०० पौंड दंड, लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट, गाडी उचलून नेऊ शकतात, प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. त्यात आपल्याकडून नव्याने आलेल्यांनी जास्त सावध राहावं. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते, मग परीक्षा द्यावी लागते. आणि परीक्षा पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा लर्नर प्लेट, पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. माझ्या लायसन्सला तेव्हा चौदा महिने झाले होते.

पैसे वाढतात, हे मात्र खरं. मी फोन केला, बराच वेळ संगीत ऐकलं, मग एका मुलीने माझं काम विचारलं, वर्षाला किती मैल होतील ते विचारलं. आमचे ३४ पौंड वाढले, वर बदलाची फी. कोणाचे जास्त वाढतील, कोणाचे काहीच नाहीत. मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात तिने विचारलं, ‘मग मेन ड्रायव्हर कोण?’

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ट्रेनने ऑफिसला जातो. गाडी आठवड्याचे पाच दिवस माझ्याकडेच असते. जास्त चालवतो एक आणि कागदावर मेन ड्रायव्हर दुसरा, याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. मुलाची गाडी आई-बापाच्या नावावर दाखवतात तेव्हा ती चर्चेत येते, पण नवरा-बायकोंनाही तोच नियम. मी म्हटलं, ‘मी.’ तिने तो रकाना बदलला, आणि दहा मिनिटांत नवं सर्टिफिकेट ईमेलवर आलं. दुसऱ्या कलमात आता ‘पॉलिसीधारक किंवा नेम्ड ड्रायव्हर यांच्या व्यवसायासंबंधी’ असं आहे. नणंदेला त्याचाच स्क्रीनशॉट पाठवला.