आमचं घर हेरिटेज हाय, बादली सरकवा

२०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांत आपला एक, गल्लीत पेढे वाटले आणि मी तेव्हा गळणाऱ्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, तीन बादल्या, एक पातेलं आणि आज्जीची तांब्याची घागर अशी मांडणी करत होतो. घर कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, पणजोबांच्या वेळचं, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळई, वर कौलं. शहराच्या हेरिटेज यादीत ग्रेड तीनमध्ये आहे. हे आम्हाला कळलं कधी, तर आतल्या मोरीत बेसिन बसवायचं म्हणून परवानगी विचारायला गेलो तेव्हा. तोपर्यंत आम्ही त्याला नुसतं जुनं घर म्हणत होतो.

यादीत नाव आल्याचा पहिला फायदा म्हणजे आर्किटेक्चरची पोरं वह्या घेऊन येतात. चांगली असतात बिचारी, चपला बाहेर काढतात. परवा एक पोरगी कडीपाटाकडं बघून दोन मिनिटं गप्पच बसली, मला वाटलं डोळ्यात पाणी आलं, तर वरनं ठिपका पडलेला. मग म्हणाली, "काका, ती बादली जरा सरकवता का, फ्रेममध्ये येतीय." सरकवली. फोटो झाला, सोपा भिजला.

दुसरा फायदा टीडीआर. एका कार्यालयात एका सायबांनी अर्धा तास समजावून सांगितलं की बंधनांमुळं तुम्हाला जेवढं बांधकाम करता येत नाही, तेवढा हक्क कागदावर मिळतो, तो बिल्डरला विका, तो दुसरीकडं वापरेल. घरी येऊन आईला सांगितलं की आपल्या डोक्यावरची न वापरलेली हवा विकायची आहे. आई म्हणाली, "हवा घेणारा पाऊस पण घेऊन जाईल काय रे?" आणि तो कागद मिळवायला मालकांच्या सह्या लागतात. प्रॉपर्टी कार्डावर आम्ही अकरा जण. एक चुलतभाऊ पुण्यात, एक बेळगावात, आणि एक याच घरात मागच्या खोलीत राहतो, पण त्याचं आणि माझं २०१९ च्या पुरापासून बोलणं बंद आहे, कारण तेव्हा त्याची गादी माझ्या माळ्यावर ठेवली होती आणि ती अजून तिथंच आहे.

मग म्हटलं, थेट निधी कुठं मिळतोय का बघूया. किल्ले, देवळं, संरक्षित स्मारकं यांच्यासाठी केंद्राचं पुरातत्त्व खातं आहे, राज्याचं आहे. राहत्या घराचा विषय काढला की समोरचा चष्मा पुसायला लागतो. नियम पाळा एवढं सगळे सांगतात, कौलाचं बिल कुणाच्या नावानं करायचं ते कुणी सांगत नाही. माझं खरं दुखणं एवढंच आहे, बाकी घराचा अभिमान मला पण लई आहे. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा सगळं गाव रडलं आणि सरकारनं कोटींचा निधी जाहीर केला, बरंच झालं. पण शेजारचे आण्णा आमचं छप्पर बघून म्हणाले, "मग तुम्ही पण काय पेटायची वाट बघताय व्हय?" आईनं चहा न विचारता त्यांना वाटेला लावलं.

अमेरिकेतला भाचा सगळ्यात हुशार. रात्री साडेअकराला फोन, "मामा, इथं जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, पाच वर्षांत विभागून." मी उठून बसलो. मग हळूच म्हणाला, इमारत राष्ट्रीय यादीत पाहिजे आणि कमाईची पाहिजे, आपण स्वतः राहतो त्या घराला नाही. म्हणजे सात समुद्र ओलांडून 'नाही' म्हणायला फोन.

शेवटी गवंडी शोधला. आधीच्यानं सिमेंट मारलं होतं तिथं ओल आत कोंडून भिंतीला पोपडे आले होते, मातीच्या भिंतीला श्वास लागतो, चुनाच पाहिजे. चुन्यात गूळ आणि हिरडा घालायची जुनी रीत. अख्खं गाव गुळाचं, पण चुन्यात गूळ घालणारा सापडायला दीड महिना लागला. हे बाबा पंचाहत्तरीचे. भिंतीवर बोटानं टकटक करून कान लावला, वर बघितलं, एक वासा वाळवीनं पोखरलाय म्हणाले, दोन तुळया ठणठणीत. मग आकडा सांगितला.

मी म्हटलं, "बाबा, जरा थांबा, टीडीआर यायचा आहे."

"ते काय असतंय?"

सांगितलं. हवेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली, ओठाखाली धरली आणि शिडीला हात घालत म्हणाले, "ते कौलवाल्याच्या दुकानात चालतंय काय तेवढं फोन करून विचारा, तवर मी गूळ भिजत घालतो."

कौलवाला रोखच म्हणाला.