वांगं जांभळं आहे, ताई

आज दुपारपासून डोकं फिरलंय आणि रात्रीचे साडेअकरा वाजले तरी ठिकाणावर येत नाहीये, म्हणून लिहितेय. मोठ्या पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी पुढे सरका, राग नाही.

झालं असं की पुण्याहून चुलत दीर आणि जाऊबाई आले होते. भुसावळला लग्न होतं, ते उरकून दोन दिवस आमच्याकडे. जाऊबाई साताऱ्याकडच्या, जळगाव पहिल्यांदाच बघत होत्या, आल्याआल्या म्हणाल्या की आम्हाला तुमच्याकडचं काहीतरी खाऊ घाला. आता जानेवारी महिना, भरताचा ऐन सीझन, मला तर आनंदच झाला. पण घरी सासूबाईंचा गुडघा दुखतोय, मला हाफ डे, म्हणून नवऱ्याने ठरवलं की हायवेवर ते नवीन हॉटेल झालंय ना, बैलगाडी-कंदील-खोटी विहीर वगैरे लावलेलं, तिथे जाऊ. नाव लिहीत नाही, जळगावकरांना कळलं असेलच.

मेनू कार्ड बारा पानी. पनीर दोन पानं, चायनीज दोन पानं, पिझ्झा, सिझलर, आणि शेवटून दुसऱ्या पानावर एका चौकोनात 'खान्देशी स्पेशल', त्यात चार पदार्थ. मी म्हटलं एक भरीत, एक शेवभाजी, भाकरी. ऑर्डर घेणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा, बोलण्यावरून भादली-आसोदा साईडचा वाटला. त्याने लिहायचं थांबवलं, मागे काउंटरकडे बघितलं आणि वाकून हळूच म्हणाला, "ताई, भरीत नका घेऊ."

मी म्हटलं का रे?

"वांगं जांभळं आहे, ताई."

बस. एवढंच. जळगावच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. जानेवारीत, जळगावात, जांभळं वांगं! बाजारात जा सकाळी, ढीग लागलेत आपल्या हिरव्या-पांढऱ्या भरताच्या वांग्यांचे, एकेक वांगं अर्धा अर्धा किलोचं, आत बी शोधावी लागते इतकं गराचं. 2016 ला त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, मीपण ठेवला होता. आणि इथे 'खान्देशी स्पेशल'च्या चौकोनात जांभळं.

मी ऐकायला हवं होतं त्या पोराचं. पण समोर पाहुणे, नवरा म्हणतोय काय झालं, आणि मला त्या क्षणी कुठून हट्ट आला माहीत नाही, म्हटलं आण, बघू तरी. आलं. तांब्याच्या छोट्या कढईत, लालभडक, टोमॅटोची ग्रेव्ही, वर बटर, कसुरी मेथी, आणि सोबत, विचारलंही नव्हतं, बटर नान. 310 रुपये. भाजल्याचा वास नाही, मिरचीचा ठसका नाही, शेंगदाणा नाही, पातीचा कांदा नाही. वांगं गॅसवर तरी भाजलं होतं की कुकरला लावलं होतं देव जाणे.

आता मला सांगा, तुमच्या घरी कोणी भरतात टोमॅटो घालतं का? हळद तरी घालतं का? वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसूण ठेचायचा, मग त्यातच वांगं मुसळाने कांडायचं, तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळायचे, पात टाकायची, झालं. अवघड काय आहे? अवघड काहीच नाही, फक्त ते करायला माणूस लागतो आणि धूर लागतो. (हो, मान्य, जांभळ्या वांग्याचं भरीत अख्खा महाराष्ट्र खातो आणि पंजाबी लोक टोमॅटो घालूनच करतात, छान लागतं. मग त्या नावाने विका ना! कोण अडवतंय.)

पण खरं सांगू, हॉटेलवाल्याचा राग मला तासाभरात ओसरला. झोंबलं ते वेगळंच. जाऊबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "वा, मस्त आहे हो तुमचं खान्देशी भरीत, उगाच घाबरत होते तिखट असेल म्हणून." दीरांनी फोटो काढला. आणि मी, जी गेले तीन महिने तुम्हा सगळ्यांचं डोकं खातेय आपलं आपलं म्हणून, मी हसून मान डोलावली. "हो ना, घ्या अजून" म्हटलं! तो पोरगा पाणी द्यायला आला होता तेव्हाच. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही असं मला वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवाळीपासून मी एक उद्योग सुरू केलाय. चौदा वर्षं पुण्यात काढून परत आले तेव्हा लक्षात आलं की मला कोथरूडच्या सगळ्या थाळ्या पाठ आहेत आणि जळगावात मी जेमतेम सात-आठ ठिकाणी खाल्लंय, तेही कॉलेजात. म्हणून दर शनिवारी एक जागा, आपल्याच गावात, जिथे आजवर गेले नाही. अट एकच, जे आपलं आहे तेच मागवायचं. आजचा तेरावा शनिवार होता.

आधीचे बारा शनिवार वाईट नव्हते, उलट काही तर असे होते की डोळ्यांत पाणी. भुसावळ रोडच्या एका ढाब्यावर, पत्र्याचं शेड, एकच फॅन, शेवभाजी खाल्ली. मी मालकाला विचारलं शेव अशी आख्खी कशी राहते, तर म्हणाला, "शेव शेवटी टाकायची, पातेल्यात नाही, ताटात वाढताना. आधी टाकली का पिठलं होतं." जाड शेव, ओव्याची, कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजलेला मसाला, वर बोटभर तर्री. पुण्यात जे शेवभाजी म्हणून मिळतं ना ते खरंच पिठलंच असतं, गोड पिठलं. जुन्या जळगावात एक मावशी सांगून मांडे करून देतात, उलट्या खापरावर. हातावर, पार कोपरापर्यंत ते पीठ फिरवत फिरवत नेतात आणि खापरावर पसरतात, मी व्हिडिओ काढायचा म्हणून मोबाईल हातात घेतला होता आणि काढायचाच विसरले. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास त्यांच्याकडे नंबर लागत नाही म्हणे. आणि एका शनिवारी वरण-बट्टी, सोबत घोटलेली वांग्याची भाजी, तूप इतकं की घरी येऊन झोपले ती संध्याकाळी उठले.

म्हणजे आहे सगळं. गावात आहे. पण हायवेवरच्या बारा पानांत नाही, आणि आपण पाहुण्यांना नेतो कुठे? हायवेवर. मीपण नेलं. गल्लीतल्या भरीत सेंटरला नेलं असतं तर तिथे बसायला बाकडं आहे, एसी नाही, हात धुवायला पिंप आहे, मला लाज वाटली असती. वाटलीच असती, खोटं कशाला बोलू. पुण्याच्या पाहुण्यांना पिंपावर हात धुवायला लावायचा? तिकडे कॅफेबाहेर आपली पोरं कोरियन बन खायला अर्धा तास रांगेत उभी राहतात, त्यांनाही मी नावं ठेवणार होते या पोस्टमध्ये, पण आता जीभ रेटत नाही.

आईला संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं ती हॉटेलवाल्याला शिव्या घालेल. तर म्हणे, "तीनशे रुपये वांग्याले? कायले गेली व तू? वांगं का पैसे देऊन खायचं असतं?"

आणि मला वाटतं खरी गोम हीच आहे. आपल्याला पनीरला चारशे द्यायला काही वाटत नाही, पण भरताला, शेवभाजीला, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं, कारण 'हे तर घरी होतंच की'. घरी होतं म्हणजे कोण करतं? आजीने केलं, आईने केलं, फुकटात केलं, म्हणून त्याची किंमत आपल्या डोक्यात शून्य. मग हॉटेलवाला कशाला कळणा दळून आणेल, कशाला काड्या पेटवून धूर करेल, त्याला माहितीये जळगावकर बिर्याणी मागवणार आणि बाहेरचा माणूस टोमॅटोवर खूष होणार. त्याचंही भाडं आहे, कर्ज असेल, ठीक आहे, समजू शकते. थोडंसंच समजू शकते.

आणि घरी तरी होतं का आता? मी आत्ता उठून बघून आले. आमची बडगी, सासूबाईंच्या सासूबाईंची, गॅलरीत आहे. त्यात कांदे-बटाटे ठेवलेत. या सीझनला एकदाही वांगं पडलं नाही तिच्यात. चौथ्या मजल्यावर काड्या पेटवल्या तर सोसायटीवाले फायर ब्रिगेड बोलावतील. मागच्या वर्षी शेतात भरीत पार्टी झाली मैत्रिणीकडे, तर आम्ही सगळ्या बायका जीन्स घालून सेल्फी काढत होतो आणि वांगी भाजत होत्या शेतावर कामाला येणाऱ्या दोन मावश्या. पुऱ्याही त्यांनीच लाटल्या. सर्वात शेवटी जेवल्याही त्याच. यावर मी कधी पोस्ट लिहिली नाही. असो.

तो पोरगा डोक्यातून जात नाहीये. महिन्याला दहा-बारा हजार मिळत असतील फार तर, मालकाने ऐकलं असतं तर नोकरी गेली असती, ओळख ना पाळख, तरी त्याला राहवलं नाही. त्याच्या घरी आई भरीत करत असणार, आणि रोज दुपारी त्याला ती लाल कढई टेबलावर नेऊन ठेवावी लागते. 'खान्देशी स्पेशल' म्हणून! मला निदान एकदाच खायचं होतं. निघताना त्याला टीप द्यायला गेले तर तो दुसऱ्या टेबलावर होता, म्हणून काउंटरला शंभर रुपये ठेवून आले, ते त्याला मिळाले असतील असं वाटत नाही.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. सहा वाजता स्कूटी काढली, गल्लीतल्या भरीत सेंटरला गेले, पिंपाच्या शेजारी उभी राहून एक किलो गरम भरीत बांधून घेतलं, वीस कळण्याच्या पुऱ्या, एका पिशवीत पातीचा कांदा. एक किलो भरीत, त्या तांब्याच्या कढईतल्या चार चमच्यांपेक्षा स्वस्त. तिथले काका रोज पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सला डबे चढवतात, पॅकिंग असं पक्कं की तेलाचा थेंब बाहेर येत नाही. दीर-जाऊंची दहाची गाडी होती. डबा हातात दिला आणि शेवटी एकदाचं बोलले, की दुपारचं ते आमचं भरीत नव्हतं, हे आहे, भूक लागली की खा. जाऊबाई हसल्या, म्हणाल्या, "वहिनी, दुपारचं पण छानच होतं हो."

एवढं टाईप करेपर्यंत दीरांचा मेसेज आलाय, डब्याचा फोटो काढून पाठवलाय त्यांनी. "वहिनी, हे हिरवं का दिसतंय? खराब नाही ना झालं? हिला टाकून द्यायचंय."

थांबा, फोन करते त्यांना.