माझी उष्णता गोकाकला जाते

आषाढात गोव्यातल्या वाळपईत कपडे वाळत घालणारा माणूस आस्तिकच असतो. बाल्कांवात दोरी, माजघरात दोरी, पंख्याखाली दोरी. पाहुणा आला की माझ्या बनियनखालून वाकूनच आत येतो. आठवड्याने ती बनियन उतरवावी तर ओलीच. वास तेवढा नवा.

अशात घाटापलीकडच्या, पूर्वेच्या गोकाकहून मेहुणीचा फोन. "भावजी, आमच्याकडे सकाळी धुतलेले दुपारी घड्या घालून कपाटात!"

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर, त्यामुळे मला रागसुद्धा सकारण येतो. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला धडकते आणि चोर्ला घाटाच्या अंगाने वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगायला ऊर्जा लागते आणि बाहेरून तर कोणी देत नाही. बँकेने कर्ज नाकारल्यावर माणूस घरातली शिल्लक मोडतो, तशी ती स्वतःचीच ऊर्जा मोडते आणि गार पडते. ही रुद्धोष्म प्रक्रिया. कोरडी हवा असती तर दर किलोमीटरला 9.8 अंश सेल्सिअसने गार झाली असती. आमची ओलीचिंब. तिच्यातल्या वाफेचे वाटेतच पाणी होते, वाफेत दडलेली सुप्त उष्णता सुटते, आणि गार होण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

आता अन्याय बघा. पाणी माझ्या दोरीवर, उष्णता मात्र हवेपाशी! एका लिटरमागे ही उष्णता सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी भरते, आणि एवढाच खर्च मला तेवढे पाणी कपड्यांतून पुन्हा उडवायला येतो. पाणी टाकून मोकळी झालेली ती हवा घाटमाथा ओलांडते, पूर्वेला उतरू लागते. खाली दाब जास्त, म्हणून आकसते. आकसली की तापते, तेही कुणी चूल न पेटवता. तापलेल्या हवेला वाफेची भूक मोठी. मग ती मेहुणीचे परकर वाळवत बसते.

हे सगळे मी कॅलेंडरच्या पाठीवर बाणबिण काढून बायकोला समजावले. तिने शांतपणे ऐकले.

"म्हणजे माझ्या बहिणीने तुमची उष्णता चोरली?"

"चोरली नाही गो. सह्याद्रीने पोचती केली."

"बरं. मग आता इस्त्री लावा."

लावली. बनियनमधून भसाभस वाफ निघाली आणि मीटरचे चाक गरगरू लागले. बायको मीटरकडे बघत म्हणाली, "या महिन्याचं बिल तिलाच पाठवा."