‘चार वायरी जोडा, बाकी ईसीयू बघून घेईल’ हे पटण्यासारखं नाही

जुन्या जपानी गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या लोकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: डॅटसन २४०झेडसारख्या गाडीत निसानच्या स्कायलाइनचं सहा सिलिंडरचं टर्बो आरबी२५डीईटी इंजिन बसवताना वायरिंगचा बाऊ करू नका. बॅटरी, चावी, पंप आणि अर्थ (अर्थिंग) अशा चार वायरी जोडल्या की इंजिन लागतं. गाडीची मूळ वायरिंग तशीच राहू द्या. पंप थेट चावीवर घ्या. मग स्टँडअलोन ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या, बाहेरून घेतलेल्या संगणकात) तयार मॅप, म्हणजे पेट्रोल आणि टायमिंगच्या आकड्यांचा तक्ता टाका, मिश्रणातलं हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर लावा, त्यावरून पेट्रोल आपोआप जुळवणारं ऑटोट्यून चालू करा आणि ट्यूनरचे पैसे वाचवा.

चार वायरींवर इंजिन लागतं, एवढं खरं आहे. म्हणूनच हा मजकूर लोकांना पटतो. पण वायरिंग आणि ट्यूनिंग ही दोन वेगळी कामं आहेत असं तो धरून चालतो, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. ईसीयूला इंजिन दिसत नाही, दिसतात ती फक्त व्होल्टेज. तीच चुकली तर मॅप कितीही चांगला असो, तो भलत्याच इंजिनाचा हिशोब करत बसतो.

आधी चावीची वायर घेऊ. २४०झेड १९६९ साली आली तेव्हा तिच्या एल२४ इंजिनाला एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि दोन कार्ब्युरेटर होते. इंजिनाजवळ चावीची म्हणून जी वायर सहज हाताला लागते ती बहुधा त्या कॉइलची, आणि तिच्या वाटेत कॉइलचा करंट आवरणारा, साधारण दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर असतो. जुनी कॉइल काढून मल्टिमीटर लावला की तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही आणि करंट नसला तर रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही. त्याच वायरीवर ईसीयू आणि सहा कॉइल चढवा. समजा ४ अँपिअर ओढले, तर चार गुणिले दीड, म्हणजे ६ व्होल्ट त्या रेझिस्टरमध्येच गेले. म्हणून जुन्या गाडीतली वायर नुसत्या मीटरने तपासू नये. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडून, साडेचार अँपिअरच्या आसपासचा लोड देऊन मग व्होल्टेज बघावं.

त्याच वाटेत टॅकोमीटरही आहे. २४०झेडचा टॅकोमीटर कॉइलच्या करंटवर चालतो, म्हणजे कॉइलचा पुरवठा डॅशबोर्डपर्यंत जाऊन, टॅकोमीटरमधून फिरून परत येतो. आरबीला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, त्यामुळे तो काटा तसाही चालणार नाही. पण पन्नासएक वर्षं जुन्या त्या लांबलचक वायरीवर नवं इग्निशन चालवणं ही निव्वळ हेळसांड आहे.

शिवाय चावी सेल्फवर फिरवली की काही वायरींचा पुरवठा तुटतो. अशी वायर ईसीयूला दिली तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन लागत नाही, आणि चावी सोडल्याक्षणी एखादा ठोका देतं. मग माणूस प्लग बदलतो, इंजेक्टर काढतो, मॅपमध्ये पेट्रोल वाढवतो. खरं तर चावीच्या वायरीने फक्त रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढावा, आणि ईसीयू, कॉइल, इंजेक्टर यांचा पुरवठा बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजमधून यावा. निसानच्या कारखान्यातल्या वायरिंगमध्येही ईसीयूचा मुख्य रिले आहेच, आणि तो ईसीयू स्वतः ओढतो.

अर्थची वायर तर त्या मजकुरात सगळ्यात शेवटी, उरकून टाकल्यासारखी येते. इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थच्या पट्टीने जोडलेला. पट्टीखाली रंग किंवा गंज राहिला आणि तिथे ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा उरला, तर सेल्फ १५० अँपिअर ओढताना दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. सेन्सर ० ते ५ व्होल्टमध्ये बोलतात. त्यांचं अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थलाच गेलं पाहिजे, जवळच्या बोल्टला नाही. इंजिन किती फिरलंय ते ईसीयूला सांगणाऱ्या कॅम अँगल सेन्सरची वायर शील्डची (वरून धातूचं आवरण असलेली) हवी आणि ते शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेलं हवं. दोन्ही टोकांना जोडलं की शील्डमधूनच करंट वाहू लागतो आणि आरपीएमच्या आलेखावर सुळके दिसतात.

‘मूळ वायरिंग तशीच राहू द्या’ हा सल्ला त्याहून धोक्याचा आहे. २४०झेडच्या डॅशबोर्डवर अँमीटर आहे. चार्जिंगचा मोठा करंट जाड वायरीने आत त्या मीटरपर्यंत येतो आणि परत बाहेर जातो. हेडलाइटला रिले नाही, सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि जुन्या फ्यूजबॉक्समधून वाहतो. ते फ्यूजबॉक्स वितळलेले या गाड्यांमध्ये नेहमी दिसतात. अशा वायरिंगवर मोठा अल्टरनेटर, इलेक्ट्रिक पंखा आणि टर्बो इंजिन चढवायचं?

अल्टरनेटरची आणखी एक गोम आहे. मूळ गाडीत कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) वेगळा, नव्या अल्टरनेटरमध्ये तो आतच असतो. जुन्या कटआउटच्या प्लगवर वायरी थेट जोडून टाकल्या तर चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहू शकतं, कारण अल्टरनेटर त्या बारीक वायरीतून इग्निशनला उलटा पुरवठा करतो. उपाय म्हणजे योग्य दिशेने बसवलेला एक डायोड. किमतीने अगदी किरकोळ, पण चार वायरींच्या यादीत त्याला जागा नाही.

पंप थेट चावीवर घेऊ नका. यात तडजोड नाही. गाडी धडकली, इंजिन बंद पडलं, चावी चालूच राहिली, तर तो पंप ३ बारच्या आसपासच्या दाबाने फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. निसानचा ईसीयू चावी दिल्यावर काही सेकंद पंप चालवतो, आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. हीच सोय स्टँडअलोन ईसीयूतही आहे, तिच्यासाठी फक्त एक रिले लागतो.

आता ऑटोट्यून. त्या मजकुराचा सगळा भरवसा इथे आहे, आणि सगळ्यात जास्त इंजिनं इथेच धोक्यात येतात.

वाइडबँड सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर त्यातली न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सरला वाटतं, मिश्रण पातळ आहे. ऑटोट्यून पेट्रोल वाढवतं, प्लग काळे होतात, मिसिंग वाढतं, ऑटोट्यून आणखी पेट्रोल घालतं. मूळ दुखणं मात्र कॉइलला लोडखाली कमी पडणारं व्होल्टेज. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टची गॅस्केट गळत असेल तरी तोच प्रकार.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. वाइडबँडच्या कंट्रोलरचं ० ते ५ व्होल्टचं आउटपुट बऱ्याचदा १० ते २० एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) असं लावलेलं असतं, म्हणजे एक व्होल्टला दोन आकडे. कंट्रोलरचं अर्थ एकीकडे, ईसीयूचं दुसरीकडे, आणि लोडखाली ईसीयूचं अर्थ ०.२ व्होल्टने वर उचललं गेलं, तर ईसीयूला सिग्नल तेवढाच कमी दिसतो. खरं मिश्रण १२.४ असताना तो १२.० वाचतो आणि पेट्रोल कमी करतो. कॉइल आणि इंजेक्टर जितका जास्त करंट ओढतील तितकी ही चूक वाढते. म्हणजे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) भरात असताना, पिस्टनला पेट्रोलची सर्वाधिक गरज असताना, ऑटोट्यून ते काढून घेतं. आणि लॉगमध्ये सगळं ठीक दिसतं, कारण लॉगही तेच खोटं व्होल्टेज लिहितो.

एवढं करूनही ऑटोट्यून बघतं ते फक्त पेट्रोल. इग्निशन टायमिंगला (ठिणगी कधी पडते त्याला) ते हात लावत नाही, आणि टर्बो इंजिनात नॉकिंगने (मिश्रण आपोआप भडकल्याने) पिस्टन फुटतो तो बहुधा टायमिंगच्या चुकीने. तयार मॅपमधलं टायमिंग तुमच्या इंजिनाला तेव्हाच लागू, जेव्हा ईसीयूचे १५ अंश आणि पुलीवरचे १५ अंश एकच असतील. आरबीचा सेन्सर कॅमवरून फिरतो आणि त्याची बॉडी बोल्ट सैल करून हलवता येते. म्हणून पहिल्यांदा इंजिन लागलं की ईसीयूत टायमिंग लॉक करून पुलीवर टायमिंग लाइट मारायचा. हे ज्याने केलं नाही त्याच्या मॅपमधल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

पेट्रोलचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या ९८ रॉनवर (रॉन ही ऑक्टेन मोजायची एक पद्धत) बनवलेला मॅप दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या पंपावरचं ९१ हे रॉन आणि मॉन या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असते, भारतात ऑक्टेन रॉनमध्ये मोजतात, त्यामुळे आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना करू नये. आणि महाराष्ट्रात आता मिळतं ते ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असेल तर त्याचं रासायनिक समतोलाचं प्रमाण १४.७ राहत नाही, १३.५ च्या आसपास येतं. तिथे लॅम्डात (खरं प्रमाण भागिले समतोलाचं प्रमाण) बोलणंच बरं.

राहिला पैशांचा मुद्दा. रिले, फ्यूजबॉक्स, शील्डची वायर, चांगला क्रिंपर आणि अर्थच्या पट्ट्या मिळून जो खर्च येतो तो एका इंजिन रिबिल्डपुढे काहीच नाही. ट्यूनरकडे गाडी नेण्याआधी घरीच एक चाचणी करा. इंजिन गरम, हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि पंखा सगळं चालू, आयडलिंगवर. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं आधी इंजिन ब्लॉकला, मग ईसीयूच्या अर्थला, मग वाइडबँड कंट्रोलरच्या अर्थला लावा. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह ते पंपाचा पॉझिटिव्ह. अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त कुठेही दिसलं, तर लॅपटॉप मिटवून आधी ती जोडणी खरवडून साफ करा.