चार जुलै संपतो तरी कधी?

शिकागोत जून लागला की आमच्या झोपेचं खोबरं झालंच म्हणून समजा. आमच्या इलिनॉय राज्यात आवाजी फटाक्यांना बंदी, पण शेजारच्या इंडियानात ते सर्रास मिळतात. लोक डिकी भरभरून आणतात. सण ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, धडाका महिनाभर!

काल रात्री पावणेबाराला गल्लीत असा बार उडाला की खिडकीतला एसी थरथरला. नवऱ्याची पहाटे पाचची शिफ्ट. तो कानावर उशी दाबून पडलेला. खाली कुणाचं तरी कुत्रं केकाटत होतं, बिचारं.

अहो, दिवाळीत वाढलेली माणसं आम्ही, फटाक्यांचं वावडं नाही. पण रोज? मध्यरात्री? वर सकाळी पायरीवरचे जळके कागद मीच झाडायचे! इथे साडेआठपर्यंत उजेड, म्हणजे आजही सुरुवातच नऊला होणार.