बेघरांसाठी केंद्राकडे मदत मागणे गैर कसे?

‘कॅलिफोर्नियाने पाच वर्षांत २४ अब्ज डॉलर उधळले, उबदार हवेमुळे देशभरातले बेघर तिथे गोळा होतात, त्यांतले बहुतेक व्यसनी असतात आणि तरीही हे राज्य वॉशिंग्टनपुढे हात पसरते’ हा दावा अमेरिकेतल्या मराठी मंडळींतही पुढे पाठवला जातो. त्यातला खर्चाचा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

बेघर लोक बाहेरून येतात, हे म्हणणे सर्वांत कच्चे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्यव्यापी पाहणीत दहांपैकी नऊ बेघरांचे शेवटचे घर त्याच राज्यात होते.

व्यसनाचा प्रश्न गंभीर आहे, हे मी नाकारत नाही. परंतु अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षानुवर्षे सर्वाधिक असलेल्या वेस्ट व्हर्जिनियात लोकसंख्येच्या मानाने बेघर कॅलिफोर्नियापेक्षा पुष्कळ कमी आहेत, कारण तिथे घरे स्वस्त आहेत. वरील पाहणीतल्या लोकांचे घर सुटण्यापूर्वीचे कौटुंबिक उत्पन्न महिन्याला ९६० डॉलरच्या आसपास होते. एवढ्या पैशांत लॉस एंजेलिसमध्ये निर्व्यसनी माणसालाही भाडे परवडत नाही.

आता २४ अब्जांविषयी. राज्याने या खर्चाच्या परिणामांची सातत्याने नोंद ठेवली नाही, हा राज्याच्या लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२४ मध्ये ठेवलेला ठपका योग्यच आहे आणि तो राज्य सरकारने निमूटपणे स्वीकारायला हवा. मात्र त्याच अहवालात तपासलेल्या पाचपैकी दोन योजना खर्चाच्या मानाने फलदायी दिसल्या, आणि त्यांतली मोटेलांचे घरांत रूपांतर करणारी ‘होमकी’ योजना २०२० मध्ये मुख्यतः केंद्राच्या कोविड निधीतूनच उभी राहिली होती.

राहिला हात पसरण्याचा आरोप. भाड्याची व्हाउचरे ही १९७४ पासून केंद्राचीच योजना आहे: भाडेकरू साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो, उरलेले सरकार देते. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला केंद्राचे भाडेसाहाय्य मिळते, कारण त्यासाठीचा निधी दरवर्षी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवते आणि तो पुरत नाही. म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनी महापौर व कौंटी प्रतिनिधींसह २०१९ मध्ये ५० हजार वाढीव व्हाउचरे मागितली, तेव्हा ते केंद्राला त्याचीच योजना पुरी करायला सांगत होते. केंद्रीय गृहनिर्माणमंत्री बेन कार्सन यांनी राज्याच्या बांधकाम नियमांवर बोट ठेवून नकार दिला. नियमांवरची ती टीका निराधार नव्हती; पण नियम बदलून घरे उभी राहायला वर्षे लागतात आणि भाडे दर महिन्याला भरावे लागते.

अशी मदत पुरेशी दिली तर काय होते, हे माजी सैनिकांच्या बाबतीत दिसले आहे. त्यांच्यासाठी केंद्राने व्हाउचर आणि आरोग्यसेवा एकत्र दिली, आणि २०१० मध्ये सुमारे ७४ हजार असलेली बेघर माजी सैनिकांची संख्या २०२४ मध्ये ३३ हजारांच्या खाली आली. त्याच २०२४ मध्ये देशातल्या एकूण बेघरांची संख्या मात्र ७ लाख ७१ हजारांवर पोहोचली होती.