अॅक्रिलिक आणि तापलेली सुरी: खुलासा

गाडीचे व्हायझर, स्पॉयलर घरीच बनवणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या पोरांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: सुरी गॅसवर तापवून अॅक्रिलिक (काचेसारखी कडक प्लास्टिक शीट) कापा, कड थिनरने पुसा, चकाचक होते. हे चुकीचं आहे. अॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. कापण्याऐवजी वितळून कडेला गुठळी धरते, धूर नाकात जातो तो वेगळाच. थिनर पुसलेल्या तुकड्याच्या कडेला आमच्याकडे कोळ्याच्या जाळ्यागत बारीक भेगा उमटल्या.

३ मिमीपर्यंतची शीट असेल तर स्टीलपट्टी धरून अॅक्रिलिक कटर (आकडीसारख्या टोकाची सुरी) एकाच रेघेवर पुन्हापुन्हा ओढा, रेघ टेबलाच्या कडेवर आणून झटक्यात मोडा. वळणाला बारीक दात्यांचा जिगसॉ (हातात धरायची विजेची करवत), तोही सावकाश. शीटवर चिकटवलेला कागद मात्र काढू नका. कड पाणी लावून पॉलिशपेपरने घासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.